दाढेचा तुकडा पडला पण दुखत काहीच नाही, तरी रूट कॅनाल?

निवांत०७
उजवीकडच्या खालच्या दाढेचा जिभेकडचा कोपरा तुटला. काही टणक चावत होतो असंही नाही, मऊ घास होता, कट्ट आवाज झाला आणि जिभेला खडा लागला, थुंकून बघितलं तर दाताचा तुकडा, एका बाजूने पांढरा चकचकीत आणि दुसऱ्या बाजूने पिवळट. त्या दाढेत खूप जुनं चांदीचं फिलिंग आहे, कॉलेजात असताना केलेलं, ते आपलं जागच्या जागी शाबूत आहे आणि शेजारची भिंत तेवढी गेली.

दुखत अजिबात नाही. गार पाणी लागलं की सळक जाते पण घोट गिळला की संपते. जीभ मात्र दिवसभर तिथेच, कड इतकी धारदार आहे की बोलतानाही कापते.

एका डॉक्टरांकडे जाऊन आलो. एक्स-रे काढला, बघून लगेच म्हणाले ४६ ला (म्हणजे याच दाढेला, हा त्यांचा दाताचा नंबर) रूट कॅनाल आणि वर कॅप, आजच सुरू करू. मी म्हटलं विचार करून सांगतो आणि सटकलो. आता प्रश्न असे की दुखतच नाहीये तर नस कशाला काढायची? नुसतं फिलिंग नाही का होणार? तुकडा जपून ठेवलाय, तो चिकटवतात का? आणि हा महिना कामाच्या रगाड्यात जाणार आहे, तर थोडं थांबलं तर चालेल का? अनुभवी मंडळींनी लिहा प्लीज.

कुरकुरी
तुकडा चिकटवतात, पण मी पाहिलंय ते पुढच्या दाताचं. माझ्या भाच्याचा वरचा पटाशीचा दात पडल्यामुळे तिरका तुटला होता, बहिणीने तुकडा शोधून दुधात टाकून नेला, डॉक्टरांनी तोच परत बसवला आणि आता कुठे जोड आहे ते दाखवल्याशिवाय कळत नाही. दाढेचं माहीत नाही, दाढेवर जोर किती येतो!

जुनाखोड
काही करू नका. माझी वरची एक दाढ अशीच तुटकी आहे कैक वर्षं, कड जिभेने घासून घासून आपोआप गुळगुळीत झाली. दुखत नाही तोवर डॉक्टरच्या खुर्चीत बसायचं नाही हा माझा नियम.

टिंबटिंब
+१ जुनाखोड. हल्ली गेलं की रूट कॅनाल. दात दुखतो रूट कॅनाल, दुखत नाही तरी रूट कॅनाल. एक्स-रे लाइटकडे धरून बघायचा आणि मान हलवायची, झालं.

डॉ_दाढ
मी दंतवैद्य आहे, पण तोंडात बघितल्याशिवाय निदान होत नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण म्हणून वाचा.

निवांत, तुमचा तुकडा एका बाजूने पिवळट आहे म्हणजे वरचं एनॅमल फुटून आतलं डेंटिन उघडं पडलंय. एनॅमल वजनाने साधारण ९६ टक्के खनिज, अतिशय कठीण पण ठिसूळ, आणि त्यात जिवंत पेशी नाहीत म्हणून ते हाडासारखं स्वतःहून भरून येत नाही. डेंटिन त्यामानाने मऊ, आणि त्यात आरपार अतिशय बारीक नळ्या असतात, त्या आत नसेपर्यंत जातात. गार पाणी लागलं की त्या नळ्यांमधला द्रव हलतो, तीच तुमची सळक. घोट गिळल्यावर सळक थांबते हे चांगलं लक्षण आहे, नस जिवंत आहे आणि बहुधा फार चिडलेली नाही.

वाईट लक्षणं वेगळी असतात. गार किंवा गरम लागल्यावर अर्धा मिनिट, मिनिट ठणकत राहणं, काही न लागता आपोआप कळ येणं, रात्री आडवं झाल्यावर ठणका वाढणं. तसं असेल तर नस सहसा परतीच्या पलीकडे गेलेली असते आणि तिथे रूट कॅनाल लागतो.

पण टिंबटिंब आणि जुनाखोड, उलट बाजूही ऐका. दुखत नाही याचे अर्थ दोन असतात, एक तर नस ठणठणीत आहे किंवा ती केव्हाच मेली आहे. मेलेली नस दुखत नाही, मुळाशी गुपचूप पू साठतो आणि मग एक दिवस गाल सुजतो. म्हणून दुखणं हा निकष धरायचाच नाही. बघायचं असतं ते नस कशी आहे आणि दात शिल्लक किती आहे, आणि या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. कॅप लागते ती दात कमी उरला म्हणून, रूट कॅनाल लागतो नस गेली म्हणून. 'कॅप घालायची तर आधी रूट कॅनाल' असं आपोआप होत नाही, जिवंत दातावरही कॅप बसते.

निवांत०७
धन्यवाद डॉक्टर. मग त्या डॉक्टरांनी चुकीचं सांगितलं का?

डॉ_दाढ
ते मी म्हणणार नाही, एक्स-रे मी पाहिलेला नाही. फिलिंगखालची कीड खोलवर दाताच्या नसेपर्यंत पोचलेली दिसली असेल तर त्यांचं बरोबर आहे. पण तुम्ही विचारा. नस जिवंत आहे का ते कशावरून ठरवलं? गार टेस्ट केली का? एक्स-रेत नेमकं काय दिसलं ते मला दाखवा. नुसता एक्स-रे नस जिवंत की मेली ते सांगत नाही, तो फक्त परिणाम दाखवतो, तेही उशिरा. आणि कॅपऐवजी ओन्ले (अख्खा दात न तासता फक्त वरचा भाग झाकणारा तुकडा) होईल का हेही विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही.

तुकड्याबद्दल, कुरकुरी यांनी लिहिलंय ते बरोबर. पुढच्या दाताचा एकसंध तुकडा असेल तर तोच बसवणं हा फार सुंदर उपाय आहे, रंग आणि चमक आयतीच जुळते. मात्र तो ओला ठेवायला हवा, वाळला की पांढराफटक पडतो आणि चिकटवण्याआधी परत भिजवावा लागतो. तुमच्या दाढेचा तुकडा जुन्या फिलिंगच्या कडेने सुटलाय, तिथे चावण्याचा दाब एवढा असतो की तो चिकटवून टिकणार नाही. तरी दाखवायला न्या, किती जाडीची भिंत गेली ते कळतं.

रात्रपाळी
धारदार कडेवर तोडगा: केमिस्टकडे ऑर्थोडॉन्टिक वॅक्स मिळतं, ब्रेसेसवाले लावतात ते. बोटांनी मळून मऊ करायचं, दात कापसाने कोरडा करून कडेवर दाबायचं. जेवताना काढायचं आणि परत लावायचं. ते नसेल तर बिनसाखरेचं च्युइंगगम चघळून लावलं तरी रात्र निघते. केमिस्टकडे तात्पुरत्या फिलिंगची छोटी ट्यूबही मिळते, खड्ड्यात भरायला ती बरी. मी भर रात्री असंच निभावलंय, सकाळी डॉक्टर.

आणि कृपा करून कोणी फेविक्विक वगैरे लावू नका. आमच्या ऑफिसात एकाने पडलेली कॅप त्याने चिकटवली, तिरकी बसली, मग ती काढायला डॉक्टरला कापावीच लागली.

मीच_ती
लवंगेचं तेल?

डॉ_दाढ
कापसाच्या बोळ्यावर अगदी थेंबभर, दाताच्या खड्ड्यापुरतं, हिरडीला न लावता. थोडा वेळ बधिर करतं, बरं काही करत नाही. हिरडीला लागलं तर भाजतं, गालाच्या आत पांढरी चामडी निघालेले पेशंट मी पाहतो. आणखी एक, लवंगेतलं युजेनॉल कंपोझिटला, म्हणजे दाताच्या रंगाच्या फिलिंगला, नीट घट्ट होऊ देत नाही, त्यामुळे लावलं असेल तर डॉक्टरला तसं सांगा.

दुखत असेल तर पॅरासिटामॉल, किंवा ज्यांना चालते त्यांना आयबुप्रोफेन, पोटातून. ॲस्पिरिनची गोळी दाताशेजारी धरून ठेवायची नाही, तीही हिरडी जाळते. आणि उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घरात शोधू नका, नसेच्या ठणक्यावर त्यांचा उपयोग नाही.

मात्र गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, यातलं काही असेल तर फोरमवर टाईप करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

जुनाखोड
डॉक्टर, तुमचं सगळं मान्य, पण माझी दाढ अजून आहे ना जागेवर.

डॉ_दाढ
आहे, आणि असेलही. नुसत्या एनॅमलचा टवका उडाला असेल तर कड घासून पॉलिश केली की काम होतं, कित्येकदा तेवढंच करतो. वयाबरोबर आतून डेंटिनचा थरही वाढतो, सळक कमी होते. पण निवांतची केस वेगळी आहे. तिथे मोठं फिलिंग आहे आणि एक भिंत गेलीये, आता चावताना उरलेल्या भिंतींवर ते फिलिंग पाचरीसारखं दाबतं. खालच्या दाढांचे जिभेकडचे उंचवटे असे तुटणं नेहमीचंच आहे. पुढची फूट हिरडीच्या खाली गेली तर जे काम आज सोपं आहे ते अवघड होतं. हिरडीच्या वर चहूबाजूंनी साधारण २ मिमी तरी निरोगी दात असेल तर कॅप नीट पकडते. तेवढाही नसेल तर हिरडी-हाड कमी करा, दात ओढून वर आणा असली कामं निघतात, आणि फूट उभी मुळात उतरली तर दात काढण्यावाचून इलाज नसतो.

थांबण्याबद्दल: काही दिवस, फार तर आठवडा-दोन आठवडे, तात्पुरतं फिलिंग घालून आणि त्या बाजूने न चावता. महिना नको.

मीच_ती
मी वेगळ्याच प्रकाराने हैराण झाले होते म्हणून लिहिते. माझ्या दाढेचा तुकडा वगैरे काही पडला नव्हता, एक्स-रे स्वच्छ, दात दिसायला धडधाकट, पण चावताना मधेच एखाद्या घासाला अशी कळ जायची की डोळ्यांत पाणी, आणि गंमत म्हणजे दात दाबताना नाही तर दाब सोडताना. एका ठिकाणी सायनस म्हणाले, एका ठिकाणी हिरडीचं म्हणून स्वच्छता करून दिली, एका ठिकाणी तर तुम्ही टेन्शन घेता म्हणून सांगितलं. शेवटी एका बाईंनी प्लॅस्टिकची छोटी काडी दिली, तिच्या टोकाला खाच होती, आणि दाढेच्या एकेका उंचवट्यावर ठेवून चावा, सोडा, चावा, सोडा असं करायला लावलं. तिसऱ्या उंचवट्यावर मी खुर्चीतून उडाले. भेग होती. डोळ्यांना न दिसणारी.

त्यावर कॅप घातली, कळ गेली. डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं की नस शांत होईलच याची खात्री नाही, पुढे रूट कॅनाल लागू शकतो. अजून तरी लागलेला नाही.

डॉ_दाढ
चावा सोडताना जाणारी कळ हे भेगेचं अगदी ठरलेलं लक्षण आहे. दाबताना भेग उघडते, सोडताना मिटते आणि आतला द्रव झटक्यात हलतो. साध्या एक्स-रेत अशा भेगा सहसा दिसत नाहीत कारण त्या पुढून मागे जातात आणि किरण बाजूने येतात. म्हणून तो 'स्वच्छ' येतो आणि पेशंटला वेड्यात काढलं जातं.

टिंबटिंब
ठीक आहे, माझा आधीचा प्रतिसाद जरा फटकळ होता. पण मुद्दा सोडत नाही. पेशंटला खुर्चीत आडवं केल्यावर, तोंडात नळी असताना 'करू ना?' विचारायचं ही पद्धत बरोबर नाही. माणूस हो म्हणणार नाही तर काय करणार, त्याला बोलता तरी येतं का?

कुरकुरी
हाहा, हे मात्र खरं. आं आं करून हो म्हणतो आपण. खुर्ची सरळ करून घ्यायची आणि मग बोलायचं.

वाचनमात्र
सहसा लिहीत नाही पण या विषयाने राहवलं नाही. दातावर काहीतरी चिकटवणं हे आपण गृहीत धरतो, ते मुळात १९५५ पासूनचं आहे. मायकेल ब्युओनोकोर या अमेरिकन दंतवैद्यांनी पाहिलं की कारखान्यात धातूवर रंग नीट बसावा म्हणून आधी फॉस्फोरिक ॲसिड लावतात, मग त्यांनी तेच एनॅमलवर लावून बघितलं. ॲसिडने एनॅमलचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत होतो आणि पातळ रेझिन त्या खाचांत शिरून घट्ट बसतं. नंतर १९६२ मध्ये राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए नावाच्या रेझिनचं पेटंट घेतलं, आजच्या बहुतेक दाताच्या रंगाच्या फिलिंगचं मूळ तिथे आहे. त्याआधी फिलिंग टिकायला दातात खाली रुंद असा खड्डा कोरावा लागायचा म्हणजे ते अडकून बसेल, अर्थात चांगला दातही जायचा. आता ज्याला ओन्ले म्हणतात तो थोडासा दात राखून बसवता येतो याचं श्रेय या चिकटवण्याला.

डॉ_दाढ
बरोबर. आताही निळ्या सिरिंजमधून लावतात ते साधारण ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडच, एनॅमलवर १५ ते ३० सेकंद. धुवून वाळवलं की तो भाग खडूसारखा पांढुरका दिसतो, मग समजायचं काम झालं. थुंकी किंवा रक्त लागलं तर परत पहिल्यापासून. म्हणून रबर डॅम लावतात, तो तोंडावर ताणलेला रबराचा पडदा पाहून पेशंट घाबरतात पण फिलिंग टिकण्यासाठी आणि अवजार घशात पडू नये म्हणून तो फार कामाचा.

आईसाहेब
थोडं अवांतर, पण मुलांचे दात पडतात तुटतात म्हणून विचारते. खेळताना पुढचा अख्खा दातच मुळासकट बाहेर आला तर काय करायचं? शाळेतून असा फोन आला तर मला काही सुचणार नाही.

डॉ_दाढ
अवांतर नाही, सगळ्यांनी वाचावं असं आहे. आधी बघा दुधाचा की कायमचा. दुधाचा असेल तर परत बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताच्या कोंबाला इजा होते. कायमचा असेल तर मिनिटामिनिटाला किंमत. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका, पुसू नका. माती लागली असेल तर दूध किंवा सलाइनने, ते नसेल तर नळाच्या पाण्याखाली काही सेकंद धरा आणि तिथेच परत खोबणीत बसवा, दिशा बघून, मग मूल रुमाल चावून धरेल. ते जमत नसेल तर दात दुधात टाका आणि पळा. साध्या पाण्यात ठेवायचा नाही, मुळावरच्या पेशी फुगून मरतात. कोरडा तर मुळीच नाही, कागदात गुंडाळून आणलेला दात बघितला की आमचा जीव जातो. तासभर कोरडा राहिला तर त्या पेशी वाचल्या असं धरता येत नाही. बसवल्यावर शेजारच्या दातांना बारीक तारेने साधारण दोन आठवडे बांधतात.

अर्धाच तुटला असेल आणि आत लाल ठिपका दिसत असेल तर नस उघडी आहे. मुलांमध्ये मुळाचं टोक अजून पूर्ण बनलेलं नसतं, त्यामुळे पूर्ण रूट कॅनाल टाळून नसेचा वरचा थोडासाच भाग काढतात आणि औषधी सिमेंट ठेवतात, बाकी नस जिवंत राहते आणि मूळ वाढत राहतं. हे लवकर गेलं तर छान जमतं.

आणि तुकडा सापडतच नसेल तर ओठ तपासायला सांगा. ओठ फाटला असेल तर तुकडा आत रुतून बसलेला असू शकतो, वरून टाके पडतात आणि तो आतच राहतो. खोकला येत असेल तर छातीचा एक्स-रे.

आईसाहेब
बाप रे. हे छापून फ्रिजवर लावते.

निवांत०७
अपडेट. दुसरीकडे जाऊन आलो, आणि वेळ काढून सविस्तर लिहितो कारण फरक जाणवला.

या डॉक्टरांनी आधी काही न करता नुसतं बघितलं. हवा मारून दाढ कोरडी केली, छोट्या कॅमेऱ्याने फोटो काढून स्क्रीनवर दाखवला, मी माझीच दाढ ओळखली नाही. मग बर्फाळ स्प्रे मारलेला बोळा आधी शेजारच्या चांगल्या दाढेला लावला, म्हणाले तुमचं नॉर्मल काय ते कळू दे, गार वाटलं की हात वर करा आणि गेलं की खाली. मग तुटक्या दाढेला. तिथे जरा जोरात लागलं पण बोळा काढल्यावर दोन-चार सेकंदांत हात खाली. आरशाच्या दांड्याने वरून ठकठक केलं, काही नाही. ती मीच_ती यांची काडीसुद्धा निघाली, तीही शांत. हिरडीत भोवताली बारीक मोजपट्टी फिरवली, कुठेही खोल गेली नाही, म्हणजे उभी फूट मुळात गेल्याची खूण नाही. मग म्हणाले नस ठीक दिसते, आपण ती ठेवण्याचा प्रयत्न करू, पण जुनं फिलिंग काढल्यावर खाली काय निघेल ते आज सांगू शकत नाही. हे मला आवडलं.

भूल दिली, अर्धा ओठ आणि अर्धी जीभ गायब. सुई टोचताना छाती जरा धडधडली, ते म्हणाले भुलीत ॲड्रेनलिन असतं त्याने होतं, मिनिटभरात ओसरेल, आणि ओसरलं. चांदी काढल्यावर परत फोटो दाखवला. तळाला थोडी कीड आणि गालाकडच्या एका उंचवट्याखाली तपकिरी रेघ, म्हणजे तिकडेही भेग सुरू झालेली. त्या उंचवट्याला वरून कापून कमी केला आणि म्हणाले यावर नुसतं फिलिंग टाकलं तर उद्या हाही जाईल, ओन्लेने वरून झाकू. कॅपसाठी सगळीकडून तासायची गरज नाही, बाहेरची भिंत खाली चांगली आहे ती राहू दे.

टिंबटिंब
माप घ्यायला तो चिकट लगदा कोंबला का तोंडात?

निवांत०७
नाही, पेनासारखा स्कॅनर फिरवला, स्क्रीनवर दाढ हळूहळू तयार होताना दिसते, भारी वाटतं. ओन्ले लॅबमधून येईपर्यंत तात्पुरतं काहीतरी बसवलं. रंग त्यांनी अगदी सुरुवातीला, दात ओला असतानाच शेड गाइड (दातांच्या रंगांचे नमुने) शेजारी धरून बघितला होता, कारण दात वाळला की जास्त पांढरा दिसतो आणि मग चुकीची शेड निवडली जाते. दाढ कोण बघतंय म्हटलं तर म्हणाले तुम्हीच आरशात बघाल आणि मला फोन कराल.

काल ओन्ले बसवला. बसवल्यावर निळा कागद चावायला लावला, डावी-उजवीकडे घासायला लावलं, जिथे ठसा गडद आला तिथे किंचित घासलं, असं पाच-सहा वेळा. भुलीत नीट कळत नाही म्हणून आज भूल उतरल्यावर आधी टेकतोय का ते बघायला सांगितलंय. खरंच एक ठिपका आधी लागतो असं वाटतंय. जाऊ का परत, की होईल सवय?

डॉ_दाढ
जा. सवय लागेल म्हणून सोडू नका. उंच लागणाऱ्या दातावर प्रत्येक घासाला आघात होतो, मग चावताना दुखायला लागतं आणि पेशंटला वाटतं नस गेली. मिनिटाचं काम आहे. गार पाण्याची थोडी सळक काही दिवस, कधी काही आठवडे राहते, ती कमी होत गेली पाहिजे. वाढत गेली किंवा आपोआप ठणकायला लागली तर लगेच दाखवा. नस पुढेमागे जाऊ शकते ही शक्यता शून्य होत नाही, पण गेलीच तर ओन्लेमधून छिद्र पाडून रूट कॅनाल करता येतो, ओन्ले वाया जातोच असं नाही.

निवांत०७
ओके, उद्याच जातो. अजून एक, त्यांनी विचारलं रात्री दात खाता का? मला कसं माहीत असणार, बायको म्हणाली खातोस. सकाळी जबडा आखडल्यासारखा असतोच.

डॉ_दाढ
मग नाइट गार्डचा विचार करा. दात खाणं त्याने थांबत नाही, पण दाब पसरतो आणि दातांऐवजी गार्ड झिजतो. मापाचा करून घ्या, गरम पाण्यात मऊ करून चावायचे तयार मऊ गार्ड काही लोक उलट जास्तच चावत बसतात.

रात्रपाळी
तात्पुरतं बसवलेलं असतं तेव्हा फ्लॉस करायचा असेल तर वर ओढायचा नाही, आत घातला की एक टोक सोडून बाजूने सरकवून काढायचा. वर ओढला की तात्पुरती कॅप फ्लॉसबरोबर हातात येते. पुढच्या कोणाला तरी उपयोगी पडेल.

कुरकुरी
डॉक्टर, हे सगळं वाचून आता मलाच धास्ती बसलीये. माझ्या दोन दाढांत तशीच जुनी चांदी आहे. काढून टाकू का आधीच? आणि त्यात पारा असतो ना, युरोपात बंद केलं म्हणे.

डॉ_दाढ
सरसकट काढू नका. चांदीच्या फिलिंगमध्ये पारा साधारण निम्मा असतो हे खरं, युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२५ पासून काही अपवाद सोडून नव्याने भरणं बंद केलंय हेही खरं, पण त्यामागे मुख्यतः पर्यावरणात जाणारा पारा कमी करणं आहे. चांगलं बसलेलं जुनं फिलिंग कोरून काढताना पाऱ्याची वाफ उलट जास्त सुटते आणि चांगला दातही थोडा जातो. कड उघडली असेल, खाली कीड असेल, भिंतीला भेग असेल तर काढायचं. पुढच्या चेकअपला त्यांना दाढ हवेने वाळवून बाजूने प्रखर उजेड टाकायला सांगा. एनॅमलपुरत्या वरवरच्या रेषा बहुतेक सगळ्यांनाच असतात आणि उजेड त्यांतून पलीकडे जातो. खोल भेग असेल तर उजेड तिथे अडतो आणि अर्धा दात काळा दिसतो. तसं काही नसेल तर तुमची चांदी राहू द्या तिथेच.